जुन्या वर्गमित्रांचा कोल्हापुरातला मेळावा : आधी माणसं, मग तारीख, मग मिसळ आणि मटण

दहावीच्या बॅचचा ग्रुप झाला की महिन्याभरात ‘एकदा सगळे भेटूया’ सुरू होतं. मग कुणीतरी रिसॉर्टचे फोटो टाकतं, कुणी टी-शर्टचा रंग विचारतं, तारखेवर वाद होतो आणि सहा महिन्यांनी ग्रुपवर फक्त सुप्रभात उरतं. ज्या बॅच खरंच भेटतात, त्यातल्याही पुष्कळ जणांचं ‘दिवस गाडीत आणि रांगेत गेला, बोलणं झालंच नाही’ असं होतं. दोन्हीचं कारण एकच आहे, कामांचा क्रम उलटा लागतो. जागा आणि मेनू आधी ठरतात, माणसं शेवटी मोजली जातात.

हा लेख कोल्हापूर डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. शाळा तिथली, निम्मी मंडळी पुण्या-मुंबईला, काही बंगळूरला, थोडी परदेशात, वीस ते तीस जण, वय पंचेचाळीसच्या पुढं, आणि शनिवार-रविवार असे दोन दिवस. गाव दुसरं असेल तर पदार्थ बदला. क्रम मात्र हाच ठेवा.

टप्पा 1 : यादी, आणि तीही कागदावर

व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे यादी नव्हे. ग्रुपवर तेच असतात ज्यांचा नंबर कुणाकडं तरी होता. खरी यादी दहावीच्या ग्रुप फोटोवरून करा. फोटो मोठा करून छापून घ्या, प्रत्येक चेहऱ्यावर पेन्सिलनं आकडा टाका आणि वहीत आकड्यासमोर नाव लिहा. मागच्या रांगेत अर्धा चेहरा झाकलेला तो मुलगा कोण, हे एकट्याला आठवत नाही. दोघं-तिघं फोटोवर वाकून बसले की ‘अरे, हा तो दुधाच्या किटल्या घेऊन यायचा’ असं काहीतरी निघतं आणि मग नावही निघतं. शाळेच्या कार्यालयात ओळख असेल तर तुकडीनिहाय नावांची खात्री करून घेता येते. मात्र तिथून फोन नंबर मागू नका, आणि कुणी दिले तरी परस्पर ग्रुपवर टाकू नका.

मुलींची नावं माहेरच्या आडनावानं लिहा. पुष्कळ बॅचमध्ये मुलींची उपस्थिती कमी असते. त्यांना यायचं नसतं म्हणून नव्हे, लग्नानंतर आडनाव आणि गाव बदललं आणि कुणी शोधलंच नाही म्हणून. हे काम वर्गातल्या मैत्रिणींकडं द्या. त्या आईकडं, भावाकडं, जुन्या गल्लीत सहज विचारू शकतात.

> सावधान : पंचवीस-तीस वर्षांत वर्गातलं कुणीतरी गेलेलं असतं. पंधरा जणांनी त्या घरी फोन करून ‘आहे का तो?’ विचारणं त्या आईवडिलांना फार जड जातं. ज्याचा पत्ता लागत नाही, त्याची चौकशी एकानंच, गल्लीतल्या ओळखीच्या माणसाकडं आधी करायची. तोवर बाकीच्यांनी थांबायचं.

पहिलं आमंत्रण फोनवरून द्या, मेसेजनं नको. यायला कचरणारे नेहमी असतात. कुणाची नोकरी गेलेली असते, कुणाचा संसार मोडलेला असतो, कुणाला वर्गातली जुनी चेष्टा अजून टोचत असते. असा माणूस मेसेजला अंगठा देतो आणि येत नाही. फोनवर पाच मिनिटं नीट बोललात तर बहुधा येतो.

टप्पा 2 : तारीख

मतदान घेऊ नका. दहा तारखा दिल्या की दहा गट पडतात. स्थानिक दोघांनी कॅलेंडर घेऊन बसावं, दोन तारखा काढाव्यात आणि विचारावं, या दोन्हींपैकी कुठल्या दिवशी *अजिबात* जमणार नाही?

दुसरा किंवा चौथा शनिवार धरा. बँकांना त्या शनिवारी सुट्टी असते आणि प्रत्येक बॅचमध्ये तीन-चार बँकवाले असतातच. दहावी-बारावीच्या परीक्षांचे फेब्रुवारी-मार्च सोडा, कारण आता आपली मुलं त्या वयाची आहेत. ऐन लग्नसराई आणि गणपती सोडा.

कोल्हापूरसाठी आणखी काही बघावं लागतं. नवरात्रात अंबाबाईच्या देवळाभोवती गाडी आतच जात नाही आणि लॉज मिळत नाही. चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा असते. 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी या दिवसांत देवीचा किरणोत्सव होतो, म्हणजे मावळतीची किरणं मूर्तीवर येतात, तेव्हा संध्याकाळी महाद्वार रोडच्या बाजूला फिरकू नये. ज्यांना तोच पाहायचा आहे त्यांची गोष्ट वेगळी. श्रावणात निम्मे लोक मटण खात नाहीत. एकादशी, संकष्टी, अमावस्या बघून घ्या. ‘रविवार आहे, चालतंय’ म्हणून तारीख ठरते आणि त्या रविवारी संकष्टी निघते, हे फार वेळा होतं. नोव्हेंबरचा शेवट ते जानेवारीचा तिसरा आठवडा हा काळ मला सगळ्यात बरा वाटतो. हवा चांगली असते आणि रात्री उघड्यावर बसता येतं.

तारीख किमान तीन महिने आधी पक्की करा. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. मुंबईकरांसाठी रात्री निघून सकाळी कोल्हापुरात पोचवणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस सगळ्यात सोयीची, पण शनिवार-रविवारच्या जागा लवकर जातात. पुण्याहून रस्ता साधारण 230 किलोमीटर आहे. महामार्गाच्या रुंदीकरणाची कामं बघता ‘चार तासांत येतो’ म्हणणाऱ्यावर विसंबून जेवणाची वेळ ठरवू नका.

> तपासणी : पुढं जाण्याआधी तीन गोष्टी वहीत हव्यात : तारीख, त्या तारखेला नक्की न येणाऱ्यांची नावं, आणि बाहेरगावाहून कोण कशानं येणार.

टप्पा 3 : वर्गणी

‘येतो’ म्हणजे येतो असं नाही. ज्याची वर्गणी जमा झाली तो येणार, एवढंच धरा. वर्गणी दोन भागांत घ्या, थोडी आगाऊ आणि उरलेली आठवडाभर आधी. ‘अमुक तारखेपर्यंत रद्द केलं तर पैसे परत, नंतर नाही’ हे पहिल्याच मेसेजमध्ये लिहा. हिशेब दोघांकडं हवा, एकाकडं पैसे आणि दुसऱ्याकडं वही.

ज्याला वर्गणी जड जाईल तो ते सांगणार नाही, ‘काम आहे’ म्हणेल. म्हणून रक्कम सगळ्यांना झेपेल अशी ठेवा आणि ज्यांना जास्त द्यायचं आहे त्यांच्याकडून हिशेब ठेवणाऱ्या दोघांनी गुपचूप घ्या. कुणी किती दिले हे ग्रुपवर कधीच टाकू नका. खर्चाचा हिशेब टाका, देणाऱ्यांची नावं नको. टी-शर्ट, मोमेंटो, फ्लेक्स यांवरचा पैसा वाचवला तर वर्गणी बरीच खाली येते. मी तर हे तिन्ही सरळ वगळा म्हणेन.

टप्पा 4 : खाण्याच्या जागा शोधणं

इथं सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

पहिली चूक म्हणजे रील बघून जागा ठरवणं. रीलमध्ये तर्री दिसते, रांग दिसत नाही. दुसरी चूक म्हणजे शाळेत असताना जिथं खाल्लं तिथंच जायचा हट्ट. तीस वर्षांत मालकाची पुढची पिढी आली, आचारी बदलले, जागा बदलली. तिथं जरूर जा, पण कुणीतरी अलीकडं खाऊन आल्यावर. तिसरी चूक प्रश्नातच असते. ‘कोल्हापुरात चांगलं मटण कुठं मिळतं?’ असं विचारलं की समोरचा प्रसिद्ध नाव सांगतो. त्याऐवजी विचारा, “भावा, तू स्वतः गेल्या महिन्यात घरच्यांना घेऊन कुठं जेवायला गेलतास?” यावर येणारं उत्तर खरं असतं, कारण त्यानं तिथं स्वतःचे पैसे घातलेले असतात. असं पाच-सहा जणांना विचारा. दोनदा आलेली नावं लिहून घ्या.

मग जाऊन खाऊन बघा. ज्या वारी आणि ज्या वेळी मेळाव्याला जायचं आहे, त्याच वारी आणि त्याच वेळी. मंगळवारी दुपारी निवांत वाटणारी खानावळ रविवारी एक वाजता वेगळीच असते. एखादं टेबल उठायच्या आधीच त्याच्या खुर्चीमागं पुढचं कुटुंब उभं राहतं. चव बघायला एक ताट पुरतं. त्याशिवाय बघायचं ते हे : तीस जण सलग बसतील का, की चार टेबलं चार कोपऱ्यांत? जिना किती, कारण गुडघे दुखणारे आता प्रत्येक बॅचमध्ये आहेत. स्वच्छतागृह खरंच वापरण्याजोगं आहे का, हे सोबतच्या मैत्रिणीला बघायला सांगा. पुरुष हे बघतच नाहीत आणि नंतर मैत्रिणी लवकर निघून का गेल्या म्हणून विचारत बसतात. सात-आठ गाड्या कुठं लागणार? आणि दुसऱ्यांदा मागितलेला रस्सा गरम येतो का? पहिली वाटी सगळेच गरम देतात.

एवढं बघितलं की जागांचे आपोआप दोन भाग होतात, *खायच्या जागा* आणि *बसायच्या जागा*. या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी हे लक्षात ठेवा. उद्यमनगरातली फडतरे मिसळ, कसबा बावड्यातली बावडा मिसळ, खासबाग मैदानाजवळची राजाभाऊंची भेळ या खायच्या जागा आहेत. जायचं, मन लावून खायचं, पुढच्याला जागा करून द्यायची. तिथं तीस वर्षांच्या गप्पा मारत बसलात तर मागं उभ्या असलेल्यांवर अन्याय आहे आणि आपल्याही गप्पा होत नाहीत. बसायची जागा वेगळी लागते. रंकाळ्याचा काठ, कुणाच्या तरी शेतातलं घर, एखाद्या मित्राची गच्ची, शाळेचं पटांगण मिळालं तर उत्तमच. बसायच्या जागेला चव लागत नाही. सावली, पाणी आणि ‘उठा आता’ म्हणणारं कुणी नसणं एवढं पुरतं.

> तपासणी : तुमच्या यादीत दोन खायच्या, एक जेवायची आणि दोन बसायच्या जागा आहेत का? सगळ्या खायच्याच असतील तर दोन दिवस रांगेत जातील.

टप्पा 5 : दोन दिवसांचा क्रम

रविवारी सकाळी मिसळ आणि दुपारी मटण हा बेत कागदावर फार छान दिसतो. प्रत्यक्षात नऊ-साडेनऊला कटासकट, म्हणजे तिखट रश्श्यासकट, मिसळ खाल्लेला माणूस एक वाजता तांबड्या रश्श्याकडं बघूही शकत नाही, आणि ज्या जेवणासाठी सगळे आले तेच जेवण अर्धं राहतं. म्हणून दोन्ही दिवसांत वाटणी करा. पुष्कळ घरांत शनिवार पाळतात, तेव्हा शनिवार शाकाहारी ठेवला की प्रश्नच मिटतो.

*शनिवार सकाळ.* महालक्ष्मीनं येणारे उतरून, आंघोळ करून तयार झाले की थेट मिसळ. पुण्याकडून गाडीनं येणाऱ्यांची वाट बघत थांबू नका, त्यांनी संध्याकाळी सामील व्हावं. मिसळ हा सकाळचा खेळ आहे, दुपारी जाऊन ‘संपली’ ऐकायची तयारी नसेल तर उशीर करू नका. तीस जणांनी एकदम जाऊ नये. आठ-आठ, दहा-दहाचे गट करून वेगवेगळ्या ठिकाणी जा. मग संध्याकाळभर कुणाची मिसळ भारी यावर बोलायला विषय मिळतो. पुण्या-मुंबईकडच्यांना आधीच सांगा, इथं मिसळीबरोबर पाव नाही, ब्रेडच्या स्लाइस येतात. कट वेगळा मागता येतो. तिखट सोसत नसेल त्यानं कट कमी घालायला पहिल्यांदाच सांगावं, वरून दही ओतून सावरत बसू नये.

*शनिवार दुपार* मोकळी सोडा. ज्यांचं घर गावात आहे त्यांना आईवडिलांना भेटायचं असतं, कुणाला देवीचं दर्शन घ्यायचं असतं, कुणाला झोपायचं असतं. हा वेळ कार्यक्रमांनी भरला की संध्याकाळी सगळे थकलेले असतात.

*शनिवार संध्याकाळ.* पाचच्या सुमारास शाळा. शिक्षकांना बोलवायचं असेल तर ते इथं, तासाभरात. एक खुर्ची, एक फूल, पाया पडणं, त्यांना बोलू देणं. सत्काराची भाषणं सुरू झाली की प्रत्येकाला माईक हवा होतो आणि दोन तास जातात. सरांना घरून आणायला आणि परत सोडायला गाडी आणि माणूस आधीच नेमा. वयानं थकलेल्या बाईंना ‘रिक्षा करून या’ म्हणू नये. मग भेळ, मग रंकाळा. इच्छा असेल त्यांनी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जावं. समोर म्हशीची धार काढून फेसाळ दूध पेल्यात हातात देतात, लहानपणी आजोबांबरोबर गेलेल्यांना ते पुन्हा प्यायचंच असतं.

> सावधान : कट्ट्यावरचं धारोष्ण दूध न तापवलेलं असतं. सोबत लहान मुलं, गरोदर बाई किंवा कुणी आजारातून उठलेलं असेल तर त्यांना देऊ नका. भेळीवर लगेच दूध बाकीच्यांनीही टाळावं.

*शनिवार रात्र.* जेवण हलकं. पिठलं, भाकरी, खर्डा, दही. अख्खा मसूर आणि रोटी सांगितली तरी चालेल. ही रात्र गप्पांची असते, तेव्हा मित्राची गच्ची किंवा शेतघर इथं कामाला येतं. दारू प्यायची की नाही हे आधी उघड बोलून ठरवा. पिणाऱ्यांची मैफल वेगळी आणि उशिरा, सगळ्यांचं एकत्र बसणं आधी. हे न ठरवल्यामुळं बायका आठला निघून जातात आणि पुढच्या वेळी येत नाहीत. प्यायलेल्यानं गाडी चालवायची नाही, त्याला पोचवणारा माणूस संध्याकाळीच ठरलेला हवा.

*रविवार सकाळ.* चहा, फार तर एखादा लोणी डोसा. पोट मोकळं ठेवा.

टप्पा 6 : रविवारचं मटण

दोन मार्ग आहेत. एक म्हणजे खानावळीत ताटं सांगणं. दुसरा म्हणजे कोल्हापूरच्या रस्सा मंडळांसारखं मोकळ्या जागी आचारी लावून, नाहीतर आपण मिळून, चुलीवर करणं. पंधरापर्यंत माणसं असतील तर खानावळ बरी. वीसच्या पुढं दुसरा मार्गच धरा, कारण त्यात खायची आणि बसायची जागा एक होते.

खानावळीत जायचं तर रविवारी एकची वेळ सोडा. पावणेबाराला पहिली पंगत बसेल असं सांगा. फोनवर ‘तीस जण येतोय’ एवढंच सांगून ठेवू नका, स्वतः जाऊन आगाऊ रक्कम द्या आणि किती ताटं मटणाची, किती चिकनची, किती शाकाहारी हे लिहून द्या. शाकाहारी ताट ‘करू की’ म्हणतात आणि त्या दिवशी पनीरची एक भाजी येते. म्हणून भाजी कोणती, भांडी आणि पळी वेगळी का, हे आधी विचारा. कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी सरळ दुसरीकडून डबा आणलेला बरा.

आचारी लावणार असाल तर किलोमागं चार-पाच माणसं हा हिशेब ठेवा. मटण त्याच सकाळी, ओळखीच्या दुकानातून, आचाऱ्याला सोबत नेऊन घ्या. रविवारी दुकानात रांग असते, तेव्हा सातला माणूस तिथं पोचलेला हवा. नऊला मटण हातात आलं तर जेवण दोनच्या आत होत नाही. कांदा-लसूण चटणी कुणाच्या तरी घरची घ्या. रश्श्याचा रंग आणि वास तिच्यावरच ठरतो, बाजारच्या पुड्यानं लाल रंग येतो पण तो वास येत नाही.

वाढण्याचाही क्रम असतो. आधी वाटीत पांढरा रस्सा, गरम, घोट घेत प्यायचा. अळणीच्या, म्हणजे चटणी न घालता शिजवलेल्या मटणाच्या, पाण्यात नारळाचं दूध, तीळ, खसखस, काजूची वाटणं असतात त्यात, आणि तो थंड झाला की वर तेलकट साय धरते. मग सुकं, भाकरी, सोबत तांबडा. भात शेवटी. वाढपी पातेलं घेऊन फिरतो, ‘रस्सा घ्या की’ म्हणत राहतो, आणि नाही म्हणेपर्यंत वाटी भरत राहते. नवखे लोक तांबड्यावरच पोट भरतात आणि सुकं राहून जातं. मुलांसाठी आणि तिखट न सोसणाऱ्यांसाठी अळणी बाजूला काढायला आचाऱ्याला चटणी पडायच्या *आधी* सांगा. ज्यांना रक्तदाबाचा किंवा पित्ताचा त्रास आहे, त्यांनीही अळणी आणि भाकरी घ्यावी. लाजू नये.

> तपासणी : शनिवारी रात्री मोजा : किती जण जेवणार, त्यात शाकाहारी किती, अळणी किती, पिण्याचं पाणी किती कॅन, सातला मटणाला कोण जाणार.

टप्पा 7 : जेवणानंतरचे दोन तास

हे दोन तास ठरवून मोकळे ठेवा. पत्त्यांचा डाव, चटई, पान. गोल करून बसा आणि प्रत्येकाला बोलू द्या, पण ‘सध्या काय करतोस’ या प्रश्नानं सुरुवात करू नका. त्यानं पगार, पद, परदेश यांची यादी सुरू होते आणि कुणीतरी गप्प होतं. त्याऐवजी फोटोतल्या आकड्यांच्या क्रमानं जा. त्या आकड्याच्या माणसाबद्दल *बाकीच्यांनी* आठवण सांगायची, त्यानं ऐकायचं. जे गेले त्यांचा आकडा आला की त्यांचीही आठवण सांगा. ते टाळू नका.

नवरा-बायको-मुलांना आणायचं का, हा वाद दर वेळी होतो. माझं मत स्पष्ट आहे : पहिल्या मेळाव्याला फक्त वर्गातले. कुटुंब सोबत असलं की लक्ष तिकडं जातं आणि जुनी टोपणनावंही कुणी घेत नाही. कुटुंबासह पुढच्या वेळी भेटा.

साडेचारला पुण्याच्या गाड्या सुटल्या पाहिजेत. रात्रीच्या महालक्ष्मीनं जाणाऱ्यांना स्टेशनवर सोडायला दोन माणसं नेमलेली हवीत.

टप्पा 8 : पुढच्या आठवड्याभरात

सोमवारी हिशेब ग्रुपवर टाका, बिलांच्या फोटोंसह. उरलेली रक्कम परत करायची की पुढच्या वेळेसाठी ठेवायची हे विचारून करा. फोटो टाकण्याआधी शनिवार रात्रीचे बाजूला काढा आणि मैत्रिणींचे फोटो फेसबुकवर त्यांना विचारल्याशिवाय चढवू नका. जे येऊ शकले नाहीत त्यांना एकेकानं फोन करावा. सर-बाईंचा फोटो छापून त्यांच्या घरी नेऊन द्या, त्यांच्याकडं तो मोबाइलवर उघडून दाखवणारं कुणी असेलच असं नाही.

आणि वहीत, त्याच फोटोच्या आकड्यांसमोर, कुठल्या जागी चव कशी होती, रस्सा दुसऱ्यांदा गरम आला का, आचाऱ्याचा नंबर, मटण कितीला आलं आणि किती उरलं, हे सगळं आठवड्याच्या आत लिहून ठेवा. पुढच्या वेळी काम करणारे दोघं वेगळे असतील, वही त्यांच्या हातात द्या.